टीव्हीत दोष नाही

"आता नीट बघ," अण्णा म्हणाले. "हां. गेलं."

मी पडद्याकडेच बघत होतो. पिवळ्या वाळूतून घोडेस्वारांची रांग डावीकडून उजवीकडे सरकत होती आणि कॅमेरा त्यांच्याबरोबर सावकाश वळत होता. मला काही म्हणता काही दिसलं नाही.

"काय गेलं, अण्णा?"

"चित्र अडखळलं. चालत्या माणसाला ठेच लागावी तसं. लगेच सावरलं."

"मला तर नाही दिसलं."

"मग आता माझ्यासंगं मोज."

त्यांनी मांडीवर बोट आपटत मोजायला सुरुवात केली. घड्याळाच्या काट्यासारखं, एकसारखं. मीही मनात मोजत राहिलो. एक्केचाळीस झाले, बेचाळीसला त्यांचं बोट वर उठलं. "हे बघ. परत."

दुपारचे तीन वाजले होते. अंधार व्हावा म्हणून अण्णांनी खिडक्यांना चादरी लावल्या होत्या आणि त्या बंद खोलीत माझा शर्ट पाठीला चिकटला होता. दुकानातून दोनदा फोन येऊन गेला होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गोदाकाकू शेंगा फोडत बसल्या होत्या आणि खुर्चीत त्यांचा मुलगा उदय. तो पुण्याहून दोन दिवसांच्या सुट्टीवर आला होता आणि टीव्हीपेक्षा वडिलांकडेच जास्त बघत होता.

"तुला दिसलं का रे?" अण्णांनी त्याला विचारलं.

"नाही, अण्णा."

"त्यास्नी दिसतंय म्हणजे असंल काहीतरी," काकू मान वर न करता म्हणाल्या.

महिपती कुंभार हे त्यांचं नाव, पण आख्ख्या विट्यात त्यांना 'ऑपरेटर अण्णा' म्हणत. प्रभा टॉकीजच्या सिनेमा दाखवायच्या मशीनवर त्यांनी अडतीस वर्षं काढली होती. टॉकीज बंद पडल्यावर ते शिलाई मशीन दुरुस्त करायला शिकले. त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात कायम पाच-सात मशीन उघडून पडलेली असत, आणि आजूबाजूच्या गावांत बिघडलेलं मशीन असलं की ते लूनावर हत्यारांची पिशवी लावून जात. बहात्तराव्या वर्षी सुईत दोरा ओवायला त्यांना चष्मा लागत नसे. मोतीबिंदू काढल्यापासून तर डोळे नव्यासारखे झाले, असं ते सांगत.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि मेन रोडवरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मेकॅनिक होतो. उदयने दिवाळीला वडिलांसाठी चाळीस इंची टीव्ही आणि ब्लू-रे प्लेअर घेतला, तो मीच बसवला. घोडेस्वारांच्या त्या जुन्या इंग्रजी सिनेमाची डिस्कही उदयनेच आणली होती. हा सिनेमा अण्णांनी टॉकीजमध्ये एकतीस दिवस चालवला होता, आणि त्यातला कुठला तुकडा कुठल्या रिळात आहे हे त्यांना अजून पाठ होतं.

माझ्या कामाचा मला अभिमान होता. लोक टीव्ही खोक्यातून काढून तसाच लावतात. मी तसं करत नसे. दुकानात झगमगीत दिसावं म्हणून रंग भडक ठेवलेले असतात, ते मी उतरवत असे. कडा उगाच धारदार केलेल्या असतात, त्या सौम्य करत असे. हालचाल गुळगुळीत करण्याची एक सोय असते, तिच्यामुळे सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. ती बंद करत असे. आणि सिनेमा मुळात सेकंदाला चोवीस चित्रांचा असतो म्हणून प्लेअरच्या यादीत शोधून 'चोवीस' चालू करत असे. अण्णांकडे हे सगळं केलं तेव्हा ते माझ्या शेजारी उकिडवे बसून एकेक बटण विचारत होते. चोवीसचं नाव काढल्यावर ते हसले होते. "म्हंजे मशीन बदललं, हिशेब तोच," ते म्हणाले होते.

त्यानंतर आठ दिवसांनी पहिली तक्रार आली. मी वायर बदलली. पुन्हा तक्रार आली, तेव्हा डिस्क दुकानात नेऊन दुसऱ्या प्लेअरवर पाहिली. काही दिसलं नाही. आज तिसरी खेप होती.

"केबलवर होतं का असं?" मी विचारलं.

"न्हाई. बातम्यांत न्हाई, मालिकेत न्हाई. फक्त ह्याच्यावर."

"बातम्या तुम्ही इतक्या बारकाईनं बघता का? जाहिराती येतात, लक्ष हलतं. सिनेमा तुम्ही टक लावून बघता."

"तसं न्हाई, बाळ." अण्णा शांतपणे समजावत होते. "रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत जातो. तेवढ्यात दुसरं मशीन चालू करायचं असतं. अडतीस वर्षांत मी तो ठिपका चुकवला न्हाई. मशीनच्या गेटात फिल्म एक घर, म्हंजे एक चित्र, उडाली तरी मला खालच्या लोकांच्या आधी कळायचं. हितं काहीतरी एक घर चुकतंय."

"ह्यात फिल्म नसते, अण्णा. गेट नसतं. उडायला काही नाहीच."

माझ्याजवळ सांगायला काही उरलं नव्हतं, आणि 'मला कळत नाही' एवढं सोडून मी काहीही म्हणायला तयार होतो. मी स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकला आणि म्हणालो, "टीव्हीत काही दोष नाही. प्लेअरमध्येही नाही. मी सगळं तपासलंय. एकदा तुम्हीच दाखवून घ्या."

"मला काय दाखवायचं?"

"डोळे. नाहीतर… वयानं होतं कधीकधी. क्षणभर थांबल्यासारखं वाटतं."

काकूंचे हात थांबले. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी रिमोट उचलला, सिनेमा बंद केला आणि खिडकीवरची चादर काढायला उठले.

उदय मला सोडायला फाटकापर्यंत आला. "खरं सांगा," तो हळू आवाजात म्हणाला. "टीव्हीत नक्की काही नाही ना?"

"काही नाही."

"माझे थोरले चुलते शेवटी भिंतीशी बोलायचे," तो म्हणाला. "अण्णांना तीच भीती आहे. बोलत नाहीत, पण आहे."

मी मान हलवली आणि दुकानात गेलो. त्या दिवशी अजून दोन घरी जायचं होतं.

पंधरा दिवसांनी उदयचा फोन आला. मी एका शिडीवर डिशचं तोंड फिरवत होतो. तो सांगलीहून बोलत होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे उत्तम आहेत म्हणून सांगितलं होतं आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. "आत्ता त्यांच्यासमोरच बसलोय. त्यांना तुमच्याशी बोलायचंय."

डॉक्टरांचा आवाज सौम्य होता. "पेशंट म्हणतात, चित्र ठरावीक वेळानं क्षणभर थांबतं. मशीनमध्ये असं होऊ शकतं का?"

मी शिडीवरून खाली उतरलो. खाली घरमालक उभा होता. दुकानाचा मेकॅनिक थेट डॉक्टरांशी बोलतोय हे ऐकून तो जरा बाजूला सरकला, हेही मला आठवतं.

"नाही, साहेब. मी तीनदा तपासलंय."

"तुम्हाला स्वतःला दिसलं नाही?"

"नाही. घरात कुणालाच दिसलं नाही."

"नक्की? म्हणजे मी यंत्राचा विचार सोडून देऊ?"

"शंभर टक्के," मी म्हणालो.

"ठीक आहे. मग एक बारीक प्रकार असू शकतो," ते बहुधा उदयला म्हणत होते. "शुद्ध हरपत नाही, नुसता क्षणभराचा खंड पडतो. गोळ्या देऊन बघू." आणि फोन बंद झाला.

मी पुन्हा शिडीवर चढलो.

महिन्याभराने कंपनीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, पुण्याला. जिल्ह्यातून आम्ही तिघं गेलो होतो. दुसऱ्या दिवशी जेवणानंतरच्या सत्रात निम्मे लोक पेंगत होते. शिकवणारे गृहस्थ फळ्यावर आकडे लिहीत होते. डिस्कवरचा सिनेमा बरोबर चोवीस चित्रांचा नसतो, ते म्हणाले. सेकंदाला चोवीसपेक्षा केसभर कमी असतो. आणि आपल्या एका जुन्या मॉडेलमध्ये 'चोवीस' मुद्दाम चालू केलं, तर प्लेअर नेमकी चोवीस पाठवायला जातो. मग तूट भरून काढायला मध्ये एक चित्र दोनदा दाखवतो.

"किती वेळानं?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

त्यांनी भागाकार केला. "साधारण बेचाळीस सेकंदांनी एकदा. सामान्य माणसाला दिसणारही नाही, त्यामुळे घाबरू नका. चालूऐवजी 'ऑटो' ठेवा, विषय संपला."

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी लिहिलं नाही. मॉडेलचा नंबर फळ्यावर होता, आणि अण्णांच्या घरी तोच प्लेअर होता. त्यावर 'चोवीस' मीच चालू केलं होतं.

परतीच्या एसटीत मी काय बोलायचं ते ठरवत आलो. अण्णा, चूक माझी होती. तुम्हाला काही झालेलं नाही, तुम्ही म्हणत होता तेच खरं होतं. दोन वाक्यं होती. साताऱ्याच्या पुढे ती मला तोंडपाठ झाली. दुसऱ्या दिवशी दुकानात न जाता मी सरळ त्यांच्या घरी गेलो.

सकाळचे अकरा वाजले असतील. सोप्यातल्या शिलाई मशीनवर पोती टाकलेली होती. अण्णा आत कॉटवर पडले होते, अंगावर चादर, तोंड अर्धवट उघडं. ह्या वेळेला मी त्यांना कधी आडवं पाहिलं नव्हतं.

"गोळ्यांनी गुंगी येती," काकू म्हणाल्या. "लूना चालवायची न्हाई, मशीनवर बसायचं न्हाई, डॉक्टरांनी सांगितलंय. परवा सुई बोटात घुसली, हात कापतो. पुढच्या येळी अजून वाढवणार हायेत गोळी." त्या थांबल्या. "तू आज कसा?"

"सहज. फ्री सर्व्हिस असते," मी म्हणालो.

आधी दुरुस्त करू, मग सांगू, असं मी मनाशी म्हटलं. प्लेअर लावला, यादी उघडली, 'चालू'वरून 'ऑटो'वर आणलं. एक बटण दाबायला लागतं तेवढाच वेळ लागला. मी काय केलं ते काकू माझ्या मागे उभ्या राहून बघत होत्या.

आवाजाने अण्णा जागे झाले. भिंतीला हात लावत आले आणि खुर्चीत बसले. "लाव," ते म्हणाले. "घोडेवाला लाव."

मी लावला. वाळू, घोडे, सावकाश वळणारा कॅमेरा. त्यांनी मांडीवर बोट आपटायला सुरुवात केली. वीसच्या आसपास त्यांची मान पुढे झुकली, मग ते दचकून पुन्हा एकपासून मोजू लागले. दुसऱ्यांदाही चुकले. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली आणि ओठ हलवत मोजत राहिले. बेचाळीस झाले. ते पडद्याकडे बघतच राहिले. साठपर्यंत गेले, शंभरपर्यंत गेले.

"गेलं," ते म्हणाले.

"काय गेलं?" काकूंनी विचारलं.

"अडखळायचं थांबलं." त्यांनी काकूंकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. "गोळ्या लागू पडल्या, गोदे."

बोलायचं होतं ते तेव्हाच. माझं तोंड उघडलंही होतं. अण्णांनी माझा हात धरला. त्यांच्या हाताला बारीक कंप होता आणि तो माझ्या हातात उतरत होता. "अरविंदा, तू सांगितलंस म्हणून गेलो बघ. न्हाईतर मी टीव्हीलाच दोष देत बसलो असतो. मला वाटलं, माझं डोस्कं गेलं. आमच्या दादाचं गेलं तसं. पण आजारच हुता आणि औषध हाय त्याला."

मी म्हणालो, "हो, अण्णा."

एवढंच. का, ते मी पुढे स्वतःला पुष्कळ विचारलं. ते खूश होते म्हणून, असं काही वर्षं मी सांगत आलो. ते खरं नाही. ते अजून खूश झाले असते. फोनवर डॉक्टरांना दिलेली ग्वाही मला आठवत होती, आणि उदय दुकानात येऊन मालकासमोर काय म्हणेल ते मला दिसत होतं. जिल्ह्यात सेटिंग जाणणारा मेकॅनिक म्हणून जे नाव झालं होतं, ते मला त्या खोलीत अण्णांपेक्षा मोठं वाटलं. खरं तेवढंच.

फाटकाशी काकूंनी मला गाठलं. "आत्ता तू काय दाबलंस रे?"

"काही नाही, काकू. साफसफाई केली."

"नक्की?"

"नक्की."

आतून अण्णांनी हाक मारली आणि त्या वळल्या.

गुण आला म्हटल्यावर डॉक्टरांनी गोळ्या चालूच ठेवल्या. निदान तीन वर्षं थांबवायच्या नाहीत, असं सांगितलं. हे मला उदयनेच आनंदाने फोनवर कळवलं. अण्णांच्या सोप्यातून एकेक मशीन ज्याचं त्याला परत गेलं. त्या वाटेनं जाणं मी टाळत होतो, पण गाव ते केवढंसं. अण्णा दिसतच. देवळाच्या कट्ट्यावर बसलेले, चालताना काकूंचा खांदा धरलेले. मला बघितलं की हात वर करत. पुढच्या चैत्रात उदय दोघांना पुण्याला घेऊन गेला. दोघंच राहणं आता जोखमीचं होतं, आणि त्याच्या जागी कुणीही असता तरी त्याने तेच केलं असतं. टीव्ही खोक्यात भरायला मलाच बोलावलं. अण्णा टेम्पोत पुढे बसले होते. हत्यारांची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली होती. "तिथं कशाला?" असं उदयने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्याने ती हळूच काढून घेतली आणि घरात ठेवून कुलूप लावलं.

चार वर्षांनी अण्णा गेल्याचं कळलं. मी तोवर स्वतःचं छोटं दुकान टाकलं होतं, लग्न झालं होतं, मुलगी होती. वर्षश्राद्धानंतर काकूंनी पुण्यात राहायचं नाही म्हणून हट्ट धरला, आणि उदय त्यांना विट्याला सोडायला आला. टीव्ही पुन्हा भिंतीला लावायचा होता. त्याने मला फोन केला.

उदय कोपऱ्यावर गॅसची टाकी आणायला गेला तेव्हा घरात काकू आणि मी दोघंच होतो. मी टीव्हीची पट्टी भिंतीला ठोकत होतो. काकू जमिनीवर बसून भांडी पुसत होत्या. त्यांनी विचारलं नव्हतं. मीच हातोडी खाली ठेवली.

"काकू, एक सांगायचंय."

त्यांनी वर पाहिलं नाही. मी सगळं सांगितलं. चोवीसचं, बेचाळीस सेकंदांचं, फोनवरचं, पुण्याचं, त्या सकाळी दाबलेल्या बटणाचं. सांगताना ते फारच थोडं वाटलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

काकूंनी हातातलं पातेलं पुसून पालथं घातलं. दुसरं घेतलं.

"म्हंजे त्यास्नी काय झालंच नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही."

"बरोबर दिसत होतं त्यास्नी."

"हो. मलाच दिसत नव्हतं."

"तिथं जेवता जेवता झोपायचे," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज सरळ होता. "घास हातात तसाच. नातवंडं हसायची. मोरीत तोल गेला आणि खुबा मोडला, तो शेवटपर्यंत उठवलं न्हाई. मी म्हणायची, गोळ्या कमी करा. उदय म्हणायचा, आई, गोळ्यांनीच टिकलेत." त्या थांबल्या. "मी तुला विचारलं हुतं. फाटकात."

"हो."

"दोनदा विचारलं."

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि पुढे निघून गेली. तो उदय नव्हता.

"मी उदयला सांगतो," मी म्हणालो. "आज सांगतो. त्याला कळायला पाहिजे."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्याला न्हाई सांगायचं."

"काकू…"

"रजा काढून तो त्यास्नी डॉक्टरकडं घेऊन गेला. रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं गोळी द्यायचा. बापाला वेळेवर औषध केलं, एवढंच समाधान हाय त्याला. ते काढून घेणार हाईस तू? आणि बदल्यात काय देणार?"

मी हातोडी उचलली.

"तू सांगितलंस, मोकळा झालास," काकू म्हणाल्या. "आता मी कुणाला सांगू?"

फाटक वाजलं. उदय टाकी घेऊन आत आला, ती स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि रुमालाने मान पुसत बाहेर आला. केस बरेच पिकले होते. त्याने टीव्हीची पट्टी हलवून बघितली आणि समाधानाने मान डोलावली.

"अरविंदभाऊ, तुमचं नाव आमच्या घरात नेहमी निघतं," तो म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी डॉक्टरांना ठाम सांगितलं नसतं, तर आम्ही टीव्हीच बदलत बसलो असतो. निदान वेळेत कळलं तरी. चार वर्षं मिळाली."

काकू त्याच्या मागे उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण त्या माझ्याकडे बघत होत्या.

"ते माझं कामच होतं," मी म्हणालो.

"असं सगळे नाही करत. आई, चहा टाक की."

काकू आत गेल्या. उदय मला पुण्याच्या घराचं, मुलांच्या शाळेचं सांगत राहिला. मी टीव्ही पट्टीवर चढवला, वायरी जोडल्या, पाणसळ लावून बघितली. चित्र आलं. मी कुठल्याही सेटिंगला हात लावला नाही.

थोड्या वेळाने काकू बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक कप होता. तो त्यांनी उदयला दिला.

"आई, अरविंदभाऊंचा?"

"त्यांना घाई आहे," काकू म्हणाल्या.

लहानपणापासून त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो, "घाई आहे." आणि पिशवी उचलली.